घडणावळ चिमुकल्या हातांची

सराफी पेढीवरून नवा दागिना घरी येतो तेव्हा सोबतच्या पावतीवर दोन आकडे निरनिराळे लिहिलेले असतात. एक सोन्याचा, म्हणजे वजन आणि त्या दिवसाचा भाव यांच्या गुणाकाराचा. दुसरा घडणावळीचा, म्हणजे ज्या हातांनी तो दागिना घडविला त्या हातांच्या श्रमाचा. भाव साऱ्या बाजाराचा असल्याने पहिल्या आकड्याविषयी आपण फारसे बोलत नाही. घासाघीस होते ती घडणावळीवर. पुढे कधी तोच दागिना मोडीत काढण्याची वेळ येते, तेव्हा तर हा दुसरा आकडा हिशेबात धरलाच जात नाही. वजन होते, घट वजा होते आणि उरलेल्या सोन्याचे पैसे होतात. मणी किती नेटके घडविले होते, ते कोणी ओवले होते, याला त्या तराजूत जागा नसते.

मोठ्यांच्या या हिशेबाचे पडसाद मुलांच्या बोलण्यात उमटल्याशिवाय राहत नाहीत. लग्नमंडपात सात-आठ वर्षांच्या मुली एकमेकींच्या गळ्याकडे पाहून ‘तुझा खरा की खोटा?’ असे विचारताना आपण ऐकतो. दागिन्याचा रंग, घाट, नक्षी याआधी त्यांना त्याचा दर्जा कळलेला असतो. जो ‘खरा’ तो मोलाचा आणि जो ‘खोटा’ तो कमी प्रतीचा, ही शिकवण कोणी मुद्दाम दिलेली नसते. ती कानांवर पडत राहते. एकदा का हे माप मनात रुजले की मूल त्याच मापाने स्वतःलाही मोजू लागते. म्हणून सोन्याचा भाव कळण्याआधी मुलांना घडणावळ कळावी, असे मनापासून वाटते. त्याचा साधा, बिनखर्चाचा मार्ग म्हणजे सुट्टीच्या दिवसांत कागद, सूत, कापड अशा घरच्या साहित्यातून मुलांनी स्वतः दागिने करणे.

हौस फार जुनी आहे

मण्यांची माळ ही मानवाच्या अगदी आरंभीच्या निर्मितींपैकी एक. आपल्या महाराष्ट्रातच त्याची एक हळवी खूण सापडली आहे. प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवासे येथे डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तेथील ताम्रपाषाणकालीन दफनांमध्ये एका बालकाच्या गळ्यापाशी तांब्याचे मणी मिळाले आणि ते ज्यात ओवले होते त्या धाग्याचे अवशेषही टिकून होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या लेकरासाठी ते मणी ओवले होते. त्या मण्यांचा त्या काळचा भाव आज कोणाला ठाऊक नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. ती माळ पाहताना आठवतात ते ओवणारे हात.

नावांत दडलेले शेत आणि स्वयंपाकघर

कामाला बसण्यापूर्वी एक संध्याकाळ केवळ नावांसाठी ठेवावी. आपल्या पारंपरिक मराठी दागिन्यांची नावे मुलांसमोर एकेक करून उच्चारावीत आणि त्या नावांत काय दडले आहे ते त्यांनाच ओळखू द्यावे. बोरमाळेत बोर आहे. पोहेहारात पोहे आहेत. जोंधळी पोतीत जोंधळ्याचा दाणा आहे, बकुळीहारात बकुळीचे फूल आहे, चिंचपेटीच्या नावात चिंच आहे आणि पायाच्या बोटांतील मासोळ्यांत तर मासोळीच आहे. ठुशीचे मणी इतके दाटीने ठासलेले असतात की ते नाव उच्चारतानाच ती दाटी जाणवते. डब्यातील चार जोंधळे आणि चिमूटभर पोहे वाटीत काढून मुलांपुढे ठेवले, आणि शेजारी आजीच्या डबीतील दागिना किंवा त्याचे छायाचित्र ठेवले, की जोड्या लावण्याचा हा खेळ चांगलाच रंगतो. खेळ झाल्यावर दाणे पुन्हा डब्यात जावेत, हे सांगायला नकोच.

या खेळातून मुलांच्या ध्यानात एक मोठी गोष्ट येते. हे घाट ज्यांनी पहिल्यांदा कल्पिले त्यांच्या डोळ्यांपुढे शेत होते, अंगण होते, स्वयंपाकघर होते. रूप आधी निसर्गात होते. सोने त्यात मागाहून आले. मग तेच रूप कागदात उतरले तर त्याला ‘खोटे’ का म्हणावे?

याच वेळी त्या कामाचे शब्दही कानांवर पडू द्यावेत. सुटे मणी सुतात ओवून दागिना तयार करणे म्हणजे ‘गाठवणे’. हे काम करणारे ते पटवेकरी. दागिन्याच्या मागे असतो तो गोंडा. अडकवायचा तो फासा. फिरवून बसवायचे ते मळसूत्र. पूर्वी पटवेकऱ्याकडून पोत गाठवून आणणे हे घरातील नेहमीचे काम असे. आज अनेक घरांतून हे शब्द आजीच्या पिढीबरोबर मावळत आहेत. शब्द टिकतात ते वापराने, आणि मुलाच्या हातात सुई-दोरा आला की ‘गाठव’ म्हणण्याचे निमित्त आपोआप मिळते.

साहित्य निवडताना

आपल्या घरांत साहित्याची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो. कोणती वस्तू कोठून आली, हे पाहण्याची सवय आपल्याला आहेच. तीच येथे मुलांबरोबर बसून वापरावी. अस्सल रेशीम मिळते ते कोषातील जीवाचा अंत करून. लाख हा लाखेच्या किड्यांचा स्राव असून ती गोळा करताना असंख्य सूक्ष्म जीव मरतात. मोती शिंपल्यातील जीवाच्या देहातून येतो. पोवळे हा सागरी जीवांचा सांगाडा. लाकूडकामात पूर्वापार वापरला जाणारा सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतो. हे सारे टाळूनही करण्यासारखे पुष्कळ उरते: कागद, पुठ्ठा, सूत, सुती चिंध्या, काचेचे आणि लाकडी मणी, जुन्या बांगड्या, शिवणकामातून उरलेली बटणे. चिकटविण्यासाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद चालतो. घरची मैद्याची खळही उत्तम, मात्र ती लागेल तेवढीच शिजवावी आणि त्याच दिवशी संपवावी. फुले-पाने हवी असतील तर ती कागदातून कापावीत; झाडावरची तोडू नयेत.

येथे मूल एक अवघड प्रश्न विचारण्याची शक्यता आहे, आणि तो टाळू नये. जुन्या बोरमाळेचे मणी, पाटल्या, गोठ यांत कित्येकदा वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली असते. ‘आजी, मग तुझ्या माळेत लाख कशी?’ असे नातवाने विचारले तर खरे ते सांगावे. त्या काळी कमी सोन्यात भरदार आणि टिकाऊ मणी घडवायचा तर कारागिराजवळ तोच उपाय होता. आज आपल्यापुढे निवड आहे आणि म्हणून विचार करण्याची जबाबदारीही आहे. मागच्या पिढीला दोष न देता पुढच्या पिढीला विवेक देता येतो, हे अशा उत्तरांतून मुलांना उमगते.

कागद निवडतानाही थोडी दक्षता हवी. रद्दीतील निमंत्रणपत्रिका रंगीत आणि जाड असल्याने मोह होतो. परंतु त्यांवर बहुधा भगवंतांची छायाचित्रे, णमोकार मंत्र किंवा मंगलचिन्हे छापलेली असतात. अशा पत्रिका आधीच बाजूला काढाव्यात. धर्मग्रंथांची किंवा स्तोत्रांची सुटी पाने तर कात्रीजवळ येऊच नयेत. कोरा रंगीत कागद, भेटवस्तूंवरचे वेष्टन, एका बाजूने कोरे राहिलेले कागद हे सर्वांत निर्धोक. (हे मासिकही वाचून झाल्यावर जपूनच ठेवावे!)

एका कागदाची बोरमाळ

आता प्रत्यक्ष कृती. पिवळ्या किंवा मातकट सोनेरी रंगाचा एक ए-फोर आकाराचा कागद घ्यावा. त्याची एक बाजू २१ सेंटीमीटर, तर दुसरी जवळपास ३० सेंटीमीटर असते. एका आखूड कडेवर कोपऱ्यापासून दर २ सेंटीमीटरवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. समोरच्या आखूड कडेवर पहिली खूण १ सेंटीमीटरवर करून पुढच्या दर २ सेंटीमीटरवर कराव्यात. या दोन्ही कडांवरील खुणा पट्टीने तिरप्या जोडत गेले की लांबट, निमुळते त्रिकोण तयार होतात. एका कागदातून असे २० त्रिकोण निघतात. आखणीचे हे काम तिसरी-चौथीतील मूल सहज करते आणि भूमितीचा पाठ नकळत गिरवते.

त्रिकोणाची रुंद बाजू दात कोरण्याच्या काडीवर ठेवून ती घट्ट गुंडाळू लागावे. आरंभीच्या दोन सेंटीमीटरना गोंद लावू नये, नाही तर मणी काडीलाच चिकटून बसतो. पुढे गोंदाचे पातळ बोट फिरवावे आणि निमुळते टोक मधोमध राहील असे पाहत गुंडाळत जावे. टोक शेवटी चिकटले की मणी मध्ये फुगीर आणि दोन्ही कडांना निमुळता होतो. हेच बोरमाळेच्या मण्याचे रूप! वीस आकडे मोजेपर्यंत तो चिमटीत धरावा, मग हलकेच फिरवत काडी काढून घ्यावी. पहिले चार-पाच मणी तिरके होतील, एका बाजूला सरकतील. ते टाकून देऊ नयेत. माळेच्या मागच्या भागात ते खुशाल बसतात, आणि शेवटी पहिला मणी व विसावा मणी शेजारी ठेवून पाहिला की आपला हात किती बसला, हे मुलाला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

मणी वाळल्यावर गोंदात थोडे पाणी मिसळून त्याचे दोन हात द्यावेत. त्याने चकाकी येते आणि कागद कडक होतो. वाळविताना मणी काड्यांवर लावून काड्या भोके पाडलेल्या खोक्यात उभ्या कराव्यात, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. मग सुती दोरा दुहेरी घ्यावा, त्याचे टोक गोंदात बुडवून वाळवावे. ते सुईसारखे ताठ होते आणि सुईची गरज उरत नाही. सोळा मोठे मणी आणि प्रत्येक दोहोंमध्ये एक बारीक काचेचा मणी असे ओवले की साधारण ४० सेंटीमीटरची माळ होते. लहान मुलीच्या गळ्याला ती पुरेशी आहे. पाठीमागे सुताचा छोटा गोंडा करून सुरगाठ बांधावी. निरगाठ मारू नये. माळ कशात अडकली तर गाठ ओढीसरशी सुटली पाहिजे.

येथे मुलांना एक गंमत सांगावी. नेहमीच्या जाडीचा, म्हणजे ८० जीएसएमचा ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅम वजनाचा असतो. सराफ आज व्यवहारात १० ग्रॅमचा तोळा धरतात. म्हणजे त्या एका कागदाचे वजन झाले अर्धा तोळा! सोन्याच्या तराजूत आपला कागदही काही कमी भरत नाही, हे ऐकून मुलांचे चेहरे खुलतात.

काकणे आणि ठुशी

मणी करण्याइतका हात ज्यांचा अजून स्थिर नाही त्यांच्यासाठी काकणे आहेत. वापरात नसलेल्या प्लॅस्टिकच्या बांगडीला जुन्या सुती साडीच्या काठाची बोटभर रुंद पट्टी तिरकी गुंडाळीत न्यावी, सुरुवातीला आणि शेवटी गोंद लावावा. आजीच्या लुगड्याचा काठ असेल तर काकणाबरोबर त्या लुगड्याची हकिगतही हाती येते. पुठ्ठ्याच्या नळीचा दोन बोटे रुंदीचा तुकडा कापून, एका बाजूने उभा छेद देऊन त्यावर कापड चढविले की मुलांसाठी झकास कडे होते. दागिने म्हणजे मुलींचेच काम, असे मुळीच मानू नये. कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी घालणारे पुरुष आपल्याकडे होते आणि आहेत. आणि सोनाराच्या भट्टीपाशी पिढ्यानुपिढ्या बसले ते बहुतांशी पुरुषच.

दहा वर्षांपुढील मुलांनी ठुशी करावी. बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशी जाड सुती कापडाची पट्टी घेऊन त्यावर मोहरीएवढे पिवळे काचेचे मणी शेजारी शेजारी टाचत जावे. काम सावकाश होते. एक ओळ भरायलाच दुपार लागते. तोंडाने सांगून न कळणारी घडणावळ येथे बोटांना कळते. ज्यांना शक्य आहे त्यांनी सुट्टीत कोल्हापूरजवळच्या हुपरीला मुलांना जरूर न्यावे. चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात हे काम कारखान्यांबरोबर घराघरांतही चालते. एका पैंजणामागे किती जणांचे हात लागतात ते एकदा पाहिलेले मूल पैंजणाकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही.

सावधगिरी

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी, बटणे, दोरा यांपैकी काहीही देऊ नये, आणि मोठी भावंडे काम करीत असताना जमिनीवर सांडलेले मणी लगेच वेचावेत. गळ्यात माळ घालून मुलांनी झोपू नये किंवा झोपाळ्यावर, घसरगुंडीवर खेळू नये. लहान चुंबकांचे मणी अजिबात आणू नयेत. ते गिळले गेल्यास आतड्याला गंभीर इजा करतात. स्वस्त धातूच्या सुट्या भागांत शिसे असू शकते, म्हणून तेही टाळलेले बरे.

गुंजेविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. लाल-काळी गुंज दिसायला इतकी देखणी की ती माळेत ओवण्याचा मोह कोणालाही व्हावा. पूर्वी सोनार सोने तोलीत ते गुंजांनीच: ८ गुंजांचा एक मासा आणि १२ मासे म्हणजे एक तोळा. ही माहिती मुलांना अवश्य द्यावी, गुंज मात्र देऊ नये. तिचे कवच फुटून आतील गर पोटात गेला तर ते विष प्राणघातक ठरू शकते.

घडणावळीची वही

या उद्योगाला एका छोट्या वहीची जोड द्यावी. तिला मुलांनीच ‘घडणावळीची वही’ असे नाव द्यावे. तीत चार रकाने आखावेत: दागिन्याचे नाव, साहित्य, लागलेला वेळ आणि तो कोणासाठी केला. ‘किती रुपयांचा?’ हा रकाना त्यात नसावा. एक दागिना स्वतःसाठी आणि पुढचा दुसऱ्या कोणासाठी, असा क्रम ठेवला तर आत्या, मावशी, घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलगी, शेजारच्या आजी अशी नावे त्या चौथ्या रकान्यात येत राहतात.

याच वहीची मागची पाने आजीच्या डबीसाठी राखून ठेवावीत. घरातील प्रत्येक जुन्या दागिन्याचे नाव, तो कोणी कोणाला केला, कोठे घडविला, कोणत्या प्रसंगी घातला, हे आजीने सांगावे आणि नातवंडांनी लिहावे. जवळ छायाचित्र चिकटवावे. सोने हे स्त्रीच्या हक्काचे आणि अडीनडीला धावून येणारे धन आहे. दुष्काळात, आजारपणात, मुलांच्या शिक्षणासाठी कितीतरी घरांना त्याने सावरले आहे, तेव्हा ते कधीच मोडू नये असे कोणी म्हणू नये. कागदाच्या माळा करताना सोन्याची निंदाही मुलांच्या कानी घालू नये. परंतु केवळ जुन्या घाटाचा कंटाळा आला म्हणून बोरमाळ वितळविण्याचा बेत निघतो तेव्हा, स्वतः सोळा मणी वळलेले एखादे मूल मध्येच म्हणेल, ‘आई, पण ती कोणीतरी हाताने केली आहे ना?’ तेवढ्या प्रश्नासाठी घरातील मोठ्यांना क्षणभर थांबावे लागेल. आणि मोडणे अटळच असेल तर निदान तिची नोंद तरी वहीत राहील.

अंगठी गळून पडली तेव्हा

दागिन्यांचा विषय निघाला की भरत चक्रवर्तींची कथा आठवते. श्वेतांबर परंपरेत ती अशी सांगितली जाते: सर्व अलंकार लेवून ते आरसेमहालात उभे असता बोटातील अंगठी गळून पडली. अंगठीवाचून ते बोट निस्तेज दिसले. मग त्यांनी एकेक अलंकार उतरवून पाहिला, आणि ही शोभा उसनी आहे या चिंतनातूनच त्यांना केवलज्ञान झाले. एवढे उत्तुंग चिंतन सात वर्षांच्या मुलाकडून अपेक्षित नाही. तरी ज्या मुलाने शोभा आपल्याच हातांनी कागदातून उभी केली आहे, त्याला ती कशी तयार होते आणि कशी उतरवून ठेवता येते हे थोडेफार ठाऊक झालेले असते. पुढे केव्हातरी ही कथा ऐकताना तिचा अर्थ त्याला अधिक जवळचा वाटेल.

तोवर एवढे पुरे आहे की सुट्टीतील एखाद्या दुपारी मुले, आजी आणि एक पिवळा कागद एकत्र यावेत. आरंभीचे मणी तिरके होतील, गोंद बोटांना चिकटेल, धाकट्याचा मणी थोरलीच्या मण्यात जाईल आणि थोडी भांडणेही होतील. संध्याकाळी माळ गळ्यात पडल्यावर शेजारच्या काकूंनी ‘केवढ्याला घेतली गं?’ असे विचारलेच, तर मुलीला आपली वही उघडून तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवता यावे: दोन दुपारी.